महिपतरावांची ललकारी

ग्वाल्हेरात समारंभ कसा करावा, हे महिपतरावांना कुणी शिकवू नये! व्यसनमुक्ती आणि मानसोपचार केंद्राच्या मदतीसाठी शहरातल्याच मुरार भागात मोठी मेजवानी ठरली, तेव्हा त्यांनी समितीत छाती ठोकून सांगितलं, "दारात चोपदार उभा करतो. येणाऱ्या प्रत्येकाच्या नावाची ललकारी! जुन्या दरबारासारखी!"

केंद्राच्या शालिनीताई दचकल्या. "आमची माणसंही येणार आहेत, केंद्राच्या गाडीतून. त्यांचं नाव कुठंही यायचं नाही."

"एवढंच ना?" महिपतरावांनी चोपदाराला, दौलतसिंहाला, बजावलं, "उस गाडी से जो उतरेगा, उसका नाम नहीं लेना. साक्षात ब्रह्मदेव उतरे तो भी नहीं!"

"हुकुम, सरकार."

या हुकमात महिपतरावांचा स्वतःचाही जीव अडकला होता. त्यांचा मुलगा राघव त्याच केंद्रात होता. दारूनं आणि नैराश्यानं पोरगं पार खचलं होतं, आता कुठं सावरत होतं. गावाच्या लेखी मात्र राघव कॅनडात! दर दिवाळीला महिपतराव नई सडकेच्या बाजारातून चॉकलेटं आणत आणि 'राघवनं पाठवली' म्हणून घरोघर वाटत. मेजवानी उरकली की त्याला घरी न्यायचं ठरलं होतं.

"तो फार घाबरलाय," शालिनीताई म्हणाल्या होत्या. "बाबा चारचौघांत ओळख देतील का, एवढंच विचारतो. दारात त्याला भेटा."

"म्हणजे काय! भेटणारच!"

समारंभाची सुरुवात झोकात झाली. "सरदार जयसिंहराव पधार रहे हैंऽऽ!" दौलतसिंह गरजला आणि जयसिंहराव वीतभर फुगूनच आत आले.

मग केंद्राची गाडी आली. दौलतसिंहानं छडी खाली टेकवली, तोंड मिटलं आणि आभाळाकडे पाहू लागला. एकदम सन्नाटा! झाडून सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. नावं पुकारून जे कळलं नसतं, ते न पुकारल्यानं सगळ्यांना कळलं! ती माणसं खाली मान घालून कोपऱ्यातल्या खुर्च्यांवर जाऊन बसली.

उरलेल्यांना आणायला गाडी पुन्हा गेली. ती परत आली तेव्हा तिच्यातून आधी उतरले सराफ्यातले रघुनाथराव. त्यांची मोटार वाटेत बंद पडली होती.

पुन्हा सन्नाटा.

"मेरा नाम बोलो!" रघुनाथराव खेकसले.

"हुकुम नहीं है, साहब."

"अरे, मैं रघुनाथराव! सराफेवाला!"

दौलतसिंहानं आभाळावरची नजर काही काढली नाही.

"अगंबाई, हे पण?" पाहुण्यांतल्या विजयाबाई शेजारणीच्या कानात कुजबुजल्या. "तरीच हात थरथरतायत!" हात रागानं थरथरत होते.

निस्तरायला महिपतराव पगडी सावरत धावले आणि दारातच थबकले. रघुनाथरावांच्या मागून राघव उतरत होता. इस्त्रीचा सदरा अंगावर लोंबत होता, केस चापून बसवले होते.

"बाबा," तो म्हणाला.

जयसिंहराव शेजारीच होते. "महिपतराव, हा तुमच्या राघवसारखा दिसतो हो!"

"छे! राघव कॅनडात नाही का!"

शब्द तोंडातून निसटून गेले. राघवनं त्यांच्याकडे पाहिलं, हात जोडले, "नमस्कार, काका," म्हणाला आणि परत गाडीत जाऊन बसला.

गाडी वळत होती, तिच्यात महिपतराव धडपडत चढले. "राघव, चुकलो रे! चल, आत चल!"

"कॅनडा लांब आहे, बाबा," राघव खिडकीबाहेर बघत म्हणाला. "इतक्यात नाही येता येणार."

त्यांना उतरवून गाडी निघून गेली. महिपतराव दाराशी आले. दौलतसिंहानं त्यांना गाडीतून उतरताना पाहिलं होतं. हुकूम म्हणजे हुकूम! त्यानं छडी टेकवली आणि आभाळाकडे पाहिलं.

सगळ्यांच्या माना वळल्या. महिपतरावांना आता कशाचीच पर्वा उरली नव्हती. त्यांनी स्वतःच ललकारी दिली, "राघव माझा मुलगा आहे! तो कॅनडात नाही! आत्ता त्या गाडीतून गेला तो माझा राघव!"

मग विजयाबाईंनी त्यांना हळूच दंडाला धरून कोपऱ्यातल्या खुर्चीवर, रघुनाथरावांशेजारी बसवलं.

"बिचारे! मुलगा कॅनडात, घरात बघणारं कुणी नाही," त्या हळहळल्या. "लिंबूपाणी घ्या, भावजी. उतरेल."