तांदळाच्या डब्याचा गुडघा

ज्या गोष्टीचे मोजमाप होते तिचीच नीट काळजी घेता येते, हे आधुनिक वैद्यकशास्त्राचे गृहीतक सर्वमान्य आहे. त्याचे एक उपप्रमेय मात्र बालाघाटच्या तुळसाबाईंनी (वय एकाहत्तर, शिक्षण चौथी, उजवा गुडघा नवा) स्वतंत्रपणे सिद्ध केले. त्याची ही सादर नोंद.

शस्त्रक्रियेनंतर नागपूरला राहणाऱ्या मुलाने, विवेकने, त्यांच्या गुडघ्याला एक पट्टा बांधून दिला. पट्टा पावले मोजतो, गुडघा किती अंश वाकला ते मोजतो आणि निष्कर्ष विवेकच्या मोबाइलवर पाठवतो. प्रगती असल्यास हिरवा दिवा, नसल्यास लाल. पूर्वी विवेक रोज फोन करून "माय, कशी हायेस?" असे विचारी. ही पद्धत अशास्त्रीय होती (उत्तर नेहमी "बरी हाव रे" हेच). आता अचूक उत्तर आपोआप मिळू लागले आणि फोन अनावश्यक ठरला.

तुळसाबाईंनी मन लावून व्यायाम केला. सतरा दिवस दिवा हिरवा, फोन शून्य. अठराव्या दिवशी आंघोळीनंतर पट्टा खुंटीवरच राहिला. संध्याकाळी फोन आला.

"माय, लाल दिसून राह्यलं! चालून नाही राह्यली का?"

बोलणे बावीस मिनिटे चालले. पैकी गुडघ्यावर दोन, उरलेली वीस वांग्याच्या भाजीवर.

एकाच निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये, हे तुळसाबाईंना कोणी शिकवलेले नव्हते. तरी त्यांनी प्रयोग पुन्हा केला. दुसऱ्या दिवशी पट्टा तांदळाच्या डब्याला बांधला.

शेजारची संध्या म्हणाली, "काहून वो मावशी, डब्ब्याचं आपरेशन झालं का?"

"हौ. तो बरा झाला का पोराचा फोन बंद होते."

चौदा लाल दिवस, चौदा फोन. दरम्यान तुळसाबाईंचा गुडघा भरपूर वाकू लागला, त्या लामत्याला जाणाऱ्या बसमध्ये विनाआधार चढल्या. परंतु याची नोंद कोठेच नसल्याने हे घडले असे म्हणता येत नाही.

पुढे फोन आखडत चार मिनिटांवर आले. औषधाची सवय झाल्यास मात्रा वाढवतात. तुळसाबाईंनी डबा ओट्यावरून ढकलला आणि वांगी आणायला बाजारात गेल्या.

"रुग्ण पडला आहे," असा संदेश पट्ट्याने विवेकला धाडला. त्याने सदतीस फोन केले. आईचा मोबाइल घरात वाजत होता. शेजारी ऐकू येऊनही संध्याने उचलला नाही (शास्त्राला सहकार्य). पाच तासांनी तो धापा टाकत दारात आला, तेव्हा रुग्ण ओट्याशी उभा होता.

"आला? बस खाली. तांदूळ सांडला हाये, निवडू लाग."

खाली बसताना विवेकचे दोन्ही गुडघे वाजले. त्यांची नोंद झाली नाही.

तो तीन दिवस राहिला. निघताना त्याने स्वतःच्या हाताने पट्टा पुन्हा डब्याला बांधला. "राहू दे लालच," म्हणाला. डब्याची प्रकृती अद्याप चिंताजनक आहे. फोन रोज येतो.

वाचकहो, तुमच्या आईचा दिवा हिरवाच असणार. एरवी हे शेवटपर्यंत वाचण्याइतकी सवड तुम्हाला मिळाली नसती.