नमुना क आणि नमुना ख

निकालाचं पाकीट सगळ्यांदेखतच फोडायचं, असं त्याने आधीच जाहीर केलं होतं. डिंकाच्या कारखान्यात तो चिकटपणा तपासायचा, आणि तिथे सीलबंद निकाल साक्षीदारांशिवाय उघडत नसत. "एकदा कळलं तो योगायोग, दोनदा कळलं ते सत्य," हे तो इतक्या वेळा म्हणे, की कारखान्यात त्याचं नावच 'दोनदा' पडलं होतं.

स्वतःच्या बाबतीत मात्र त्याला एकदाच पुरलं होतं. लग्नाला सहा वर्षं होऊनही मूल नव्हतं. तीन वर्षांपूर्वी त्याची साधी तपासणी झाली. शुक्रजंतूंची संख्या भरपूर, धावण्याचा वेग उत्तम. तेवढ्यावर आईने सगळा दोष सुनेच्या नावावर चढवला आणि रोज सकाळी तिच्यापुढे कडू काढ्याचा पेला ठेवायला सुरुवात केली. सुनेच्या पाच तपासण्या निर्दोष आल्या, तरी पेला एक दिवस चुकला नाही.

आता नवीन डॉक्टरीणबाईंनी शुक्रजंतूंवरच्या प्रथिनांची तपासणी सांगितली होती.

"प्रथिनांची? मग दूध वाढवते की याचं!" आई म्हणाली.

दोनदाचा प्रयोगशाळेवर विश्वास नव्हता. म्हणून कारखान्यातल्यासारखा, खात्रीचा असा आणखी एक नमुना सोबत पाठवायचा त्याने ठरवलं. खात्रीचा माणूस वरच्याच मजल्यावर राहत होता. दादा. "दोन पोरं म्हणजे दोन प्रमाणपत्रं," असं दादा कोणी न विचारताही सांगे. दोनदाने बाटल्यांवर फक्त 'क' आणि 'ख' लिहिलं, कोणती कोणाची ते चिठ्ठीवर टिपून वेगळ्या पाकिटात ठेवलं, आपली भरलेली आणि त्याची रिकामी बाटली दादाच्या हातात दिली आणि कामावर गेला. दोन्ही बाटल्या दादाने तासाभरात पोचवल्या.

आणि आज आई, बायको, दादा, वहिनी, सगळे बैठकीच्या खोलीत जमले होते. दादा दाराजवळची खुर्ची धरून होता.

"नमुना क," दोनदाने वाचलं. "संख्या उत्तम. वेग उत्तम. जोडणीचं प्रथिन आढळलं नाही."

"क कोण?" आईने विचारलं.

"थांब, आधी ख. संख्या उत्तम. वेग उत्तम. जोडणीचं प्रथिन..." त्याने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. "आढळलं नाही."

त्याने थेट प्रयोगशाळेतल्या बाईंना फोन लावला, स्पीकरवर.

"सोपं आहे हो," बाई म्हणाल्या. "शुक्रजंतूच्या डोक्यावर एक प्रथिन असतं. ते अंड्यावरच्या जोडीदार प्रथिनाला घट्ट धरतं, मग दोघं एक होतात. ते नसलं, तर सगळे वेळेवर पोचतात, पण चिकटत नाहीत."

"चिकटत नाहीत?" दोनदाचा आवाज गिऱ्हाइकाने डबा परत आणून आपटावा तसा झाला. "मग अशा माणसाला मूल?"

"आपोआप? जवळपास अशक्य."

"कोणत्या माणसाला?" वहिनीने विचारलं.

दोनदाने चिठ्ठी काढली. "क म्हणजे मी." मग त्याने चिठ्ठी डोळ्यांजवळ धरली. "ख म्हणजे... दादा."

वहिनी उभी राहिली. "काय? यांनीही दिला होता? आणि मग माझी दोन पोरं?"

आईची नजर भिंतीवरच्या नातवंडांच्या फोटोकडे गेली, तिथून दादाकडे, आणि परत फोटोकडे.

"सासूबाई, नाकं काय जुळवताय!"

"मी कुठे काय! डोळ्यांत कचरा गेला माझ्या."

"अहो," वहिनी दादाकडे वळली, "आत्ताच्या आत्ता तोंड उघडा. तुम्ही गप्प बसलात, तर उद्यापासून अख्खी गल्ली बोलेल."

दादाचे कान लालबुंद झाले होते. "अगं, तसं काही नाही. त्या दिवशी मला... जमलंच नाही."

"काय जमलं नाही?"

"आता कसं सांगू! बाथरूमच्या दारावर दोन्ही पोरं धडका मारतायत, 'बाबा, लवकर! बाबा, लवकर!' जमेल का कोणाला? आणि हा तर बाटली मोजून मागणार. मग मी याच्याच बाटलीतलं अर्धं माझ्या बाटलीत ओतलं."

वहिनी मटकन खाली बसली. आईने हात जोडले. "सुटलो बाई! घराण्याची अब्रू वाचली!" दादाही हसायला लागला. इतक्या अभिमानाने नापास झाल्याचं कबूल करणारा माणूस त्या घराने पहिल्यांदाच पाहिला.

दोनदा मात्र हसला नाही. तो दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून बोटाने ओळी जुळवत होता. क तो. ख पण तोच. एकच माल, दोन बाटल्या, दोन स्वतंत्र तपासण्या, निकाल एक. कारखान्यात अशा निकालावर तो डोळे झाकून सही करत असे.

हळूहळू हे एकेकाच्या लक्षात आलं. आईचे जोडलेले हात तसेच राहिले. तिने सुनेकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच नजर तिने आधी वळवली.

"हॅलो?" फोनमधून आवाज आला. "उपाय आहे हं यावर. शुक्रजंतू सुईने थेट अंड्यातच सोडता येतो. मग चिकटायची गरजच नाही. तुमच्या मिसेसची तयारी आहे का, विचारा."

"तयारी आहे," बायको म्हणाली. "सहा वर्षांपासून आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने सवयीने काढ्याचा पेला टेबलावर ठेवला, मग कोणासमोर सरकवावा ते न कळून तिथेच उभी राहिली. सुनेने तो शांतपणे नवऱ्यापुढे सरकवला. दोनदाने एक घोट घेतला आणि त्याचा चेहरा पिळलेल्या फडक्यासारखा झाला.

"कसा आहे?"

"कडू."

"आणखी एक घ्या," ती म्हणाली. "एकदा कळलं तो योगायोग असतो."