अक्कांच्या कडेवरची टाकी

किरणकुमारने महानंदाक्कांना छातीठोकपणे सांगून टाकलं होतं, "खांद्याचं काय घेऊन बसलात अक्का, शनिवारी सकाळी या. दहा मिनिटांचं काम आहे." बढाया मारण्यात हा निपाणीचा गडी कुणाला हार जायचा नाही. बंगळुरात, बनशंकरीतल्या एका स्विमिंग पूलवर तो लोकांना पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली वावरायला शिकवायचा. शिकवायचा मात्र झकास, त्यात वाद नाही.

महानंदाक्का चिकपेटातल्या साडीच्या दुकानाच्या मालकीण. वरच्या फळीवरचे गठ्ठे ओढून ओढून त्यांचा उजवा खांदा असा आखडला होता की हात वर जाईना आणि पाठीमागे तर मुळीच जाईना. डॉक्टरांची परवानगी होती. महिनाभरात पाण्याखालचं बाकी सगळं त्या शिकल्याही होत्या. आयुष्यभर 'समुद्री निळा' म्हणून साड्या खपवल्या, तो निळा आतून कसा असतो ते त्यांना एकदा बघायचं होतं. रविवारी मुरुडेश्वरच्या समुद्रावर जाणाऱ्या बसमध्ये त्यांचं नाव होतं. अडलं होतं एका नियमावर: टाकीची तोटी आपल्या हाताने उघडता-बंद करता आलीच पाहिजे. आणि तोटी असते मानेच्या मागे.

"सूनबाई काय म्हणाली ठाऊक आहे?" अक्का म्हणाल्या. "म्हणे, ज्यांचा हात वर जात नाही, त्या खाली काय जाणार. किरणा, तिच्यापुढे माझं नाक कापू नकोस बाबा."

किरणकुमारने आधी टाकी पट्ट्यात खाली सरकवली. अक्कांचा हात तरीही पोचेना. मग त्याच्या डोक्यात भन्नाट कल्पना आली. टाकीच उलटी बांधायची, तोटी खाली, कमरेपाशी. अक्कांनी हात खाली कमरेशी नेला, तोटी फिरवली, परत फिरवली. "सरी, बरोबर जमलं की," त्या खूश होऊन म्हणाल्या. किरणकुमारने इकडेतिकडे बघून घेतलं, आपली हुशारी कुणी पाहिली की नाही म्हणून.

तेवढ्यात अक्का पूलच्या काठावर टेकल्या. आता बसायचं म्हटलं की माणूस कशावर बसतो? कमरेच्या खालीच ना. तोटी फरशीवर आपटली आणि हवा सुस्स करून सुटली.

पाण्यात ज्येष्ठ नागरिकांचा वर्ग चालू होता. त्यातले विठोजीराव निवृत्त होईपर्यंत गॅस एजन्सीत होते. ते ओरडले, "सिलिंडर!" झालं. ज्यांना शिडीवरून चढायला हात द्यावा लागायचा, ते सगळे आजोबा टणाटण बाहेर आले आणि टॉवेलवर थेट रस्त्यात. बसस्टॉपवरच्या बायकांनी तोंडं फिरवली. मॅनेजर शिवकुमार वाळूची बादली घेऊन धावला आणि त्याने ती नेम धरून किरणकुमारच्या डोक्यावर ओतली.

"अहो, नुसती हवा आहे," किरणकुमार वाळू थुंकत म्हणाला.

"मग ओरडलास कशाला?" शिवकुमारने विचारलं.

"मी कुठं ओरडलो?"

आजोबांना परत पाण्यात आणेपर्यंत सगळ्यांचा चहा झाला. अक्का मात्र टाकीकडे बघत बसल्या होत्या. शेवटी म्हणाल्या, "पाठीवरच कशाला पाहिजे रे? कडेवर दे."

किरणकुमारला ते ठाऊक होतं. टाकी बगलेखाली, अंगाच्या बाजूला अडकवतात, तोटी छातीपाशी येते, हात वर न्यावाच लागत नाही. पण एकच टाकी एका बाजूला घेतली की माणूस त्या अंगाला कलंडतो, आणि हे त्याला स्वतःला कधी धड जमलं नव्हतं. ते कशाला सांगा? "अक्का, फार कठीण असतं ते. बघा, दाखवतो," म्हणून त्याने उडी घेतली. चार हात गेला आणि डावीकडे कलंडला. सावरायला गेला तो पुरता उताणा झाला, आणि घाटावरच्या कासवासारखा पाय झाडत राहिला. आजोबांनी टाळ्या वाजवल्या.

मग अक्का उतरल्या. किरणकुमारने पाण्यातच टाकी त्यांच्या डाव्या बगलेखाली अडकवून दिली आणि कलंडल्या तर धरायचं म्हणून शेजारून पोहू लागला. धरायची वेळच आली नाही. अक्कांनी कंबर जराशी डावीकडे काढली, अंग उजवीकडे तोललं आणि चिकपेटातून चालाव्यात तशा सरळ निघाल्या. तोटी बंद केली, उघडली. हवा संपत आली तशी टाकी हलकी होऊन तिचं बूड वर यायला लागलं. भल्याभल्यांची तिथं तारांबळ उडते. अक्कांनी चुळबुळ करणाऱ्या पोराला थोपटावं तसं तिला दोनदा थोपटलं आणि कोपराखाली दाबून धरलं. किरणकुमार बघतच राहिला. इतकं देखणं पोहणं त्याने तिथे कधी पाहिलं नव्हतं.

"अक्का, कुठं शिकलात हे?" वर आल्यावर त्याने विचारलं. आवाजात बढाई औषधालाही उरली नव्हती.

"शिकायचं काय त्यात? चार पोरं डाव्या कडेवर वाढवली आणि उजव्या हाताने साड्या दाखवल्या. एक गिऱ्हाईक परत गेलं नाही, एक पोरगं पडलं नाही."

"मलाही शिकवा ना. तुम्ही बसमध्ये नक्की, अगदी खिडकीची जागा. पण मला हे जमलं पाहिजे."

अक्कांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "मूलबाळ आहे?"

"एक मुलगी. दीड वर्षाची."

"कडेवर किती वेळ घेतोस?"

किरणकुमार कानातली वाळू काढू लागला.

संध्याकाळी तो घरी गेला, आणि चप्पल काढल्याकाढल्या मुलीला डाव्या कडेवर घेऊन, कंबर वाकडी करून, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या मारू लागला. त्याची बायको मेघाश्री स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिने गॅस बंद केला होता. जवळ येऊन ती हळूच म्हणाली, "अहो, खरं सांगा, मी रागवणार नाही. नोकरी गेली का?"