अर्जेंटिनातली बदकं

"बाबा, मी ट्रलीची नोकरी सोडतेय. तुझ्याजवळ येऊन राहते," मुक्ता फोनवर म्हणाली तेव्हा शैलेंद्र डाळ धूत होता.

त्याची बायको प्रमोदिनी गेल्या उन्हाळ्यात वारली. तेव्हापासून मुलगी रोज संध्याकाळी फोन करून जेवणाचं विचारायची. दूरच्या ट्रली गावातल्या हॉस्पिटलातलं काम तिला फार मेहनतीने मिळालं होतं. ते आपल्यापायी सुटू नये, एवढंच त्याला हवं होतं.

"अगं, मी बरा आहे. मी तर ट्रिपला चाललोय."

"कुठे? लॉकडाउनमुळे पाच किलोमीटरच्या पुढे जायला बंदी आहे."

शेजारचा डेक्लन आठवडाभर कुंपणापलीकडे फोनवर एकाच ट्रिपबद्दल बोलत होता. शैलेंद्रला दुसरं काही सुचलं नाही.

"अर्जेंटिनाला. मे महिन्यात, बंदी उठल्यावर. तिथल्या पाणथळीत बदकांची शिकार असते. डेक्लनबरोबर."

"ग्रँड," मुक्ता म्हणाली. इथे 'ठीक आहे'ला तसंच म्हणतात.

मग खात्री करायला तिने डेक्लनलाच फोन केला. ट्रिपमधला त्याचा जोडीदार गुडघ्यामुळे गळाला होता, त्यामुळे एक जागा रिकामीच होती. दुसऱ्या दिवशी डेक्लन मास्क लावून दारात हजर.

"मला सांगायचं नाही का? लाजतोस काय?" असं म्हणून त्याने पाण्यात उतरायचे, छातीपर्यंत येणारे रबरी बूट पायरीवर ठेवले. "घरात घालून वावर. सवय हवी."

नाही म्हणायचं तर सगळं सांगावं लागलं असतं. तेवढा जोर शैलेंद्रमध्ये नव्हता. त्याने बूट चढवले. ते निघेनात. तसाच तो खिचडी टाकत असताना मुक्ताचा व्हिडिओ कॉल आला.

"हे काय घातलंयस?"

"सवय करतोय."

"बाबा, पुण्याच्या घरात झुरळ निघालं की आई मारायची. तू गॅलरीत जाऊन उभा राहायचास."

शैलेंद्र दमून खुर्चीत बसला. बूट करकरले. "सगळं खोटं आहे गं. तू नोकरी सोडू नयेस म्हणून बोललो."

"मग बूट?"

"निघत नाहीयेत."

मुक्ता हसली नाही. "मला वाटलं, तुझं डोकं फिरलं. म्हणून सकाळीच तुझ्या घराजवळच्या ब्युमॉन्ट हॉस्पिटलात नोकरीचा अर्ज टाकला. तिथे घेतलं तर जुलैपासून तुझ्याकडे."

"पण डोकं फिरलेलं नाहीये ना."

"नाही. नुसता खोटं बोलायला लागलायस. म्हणजे यायलाच हवं."

शैलेंद्रने नको म्हणायला तोंड उघडलं.

"मागची खोली गार असते," तो म्हणाला. "हीटर आणून ठेवतो."

"जुलैमध्ये?"

"इथल्या जुलैचं काय सांगावं."