गुणवंतांचे ताडासन

"ताडासन म्हणजे नुसतं उभं राहणं! साठ वर्षं उभाच हाय मी," असे गुणवंतांनी सुनेला ठणकावून सांगितले. सून दिपाली मोहगावच्या एका शाळेत योग शिकवायची. उद्याच्या योगदिनाला पहिल्या रांगेत एकच जागा उरली होती, आणि गुणवंतांना ती हवी म्हणजे हवीच होती.

"दोन मिनिटं, मामाजी. पाय घट्ट, गुडघे सैल, हात वर, श्वास नाकानं, सावकाश. चक्कर आली तं भिंत धरा. अन् बोलले तं जागा गेली."

मोबाइल खिडकीत उभा करून तिने अंगणाचा व्हिडिओ काढायला लावला आणि ती दूध पाहायला आत गेली. अंगणात गुणवंता डोळे मिटून, हात वर करून उभे राहिले. श्वास मात्र भात्यासारखा वाजत होता. नेमका तेव्हाच शेजारचा तुळशीराम फाटकातून डोकावला.

"अवं सुधा, लवकर ये! गुणवंताच्या अंगात आलं!"

तुळशीरामची बायको नारळ घेऊन धावली. गुणवंतांच्या कपाळावर कुंकू फासले गेले. ते नाकात उतरले. अंगात? माझ्या? संतापाने श्वास आणखी फुसफुसू लागला, तशी सुधा म्हणाली, "देव जागृत हाय वो."

गुणवंतांनी तेही गिळले. जागा महत्त्वाची होती.

मग तुळशीरामने अंगणात येऊन चपला काढल्या, डोळे मिटून जोडलेले हात डोक्यावर नेले आणि विचारले, "देवा, माही म्हैस कालपासून दिसून नाही राहिली. कुठी हाय?"

आता मात्र हद्द झाली. याच म्हशीने काल संत्र्याची अकरा कलमं खाल्ली होती!

"माह्या गोठ्यात बांधून ठेवली हाय! लाज नाही वाटत? जनावर मोकाट सोडतं अन् देवाले इचारतं?"

तिथून गुणवंता सुटले ते सुटलेच. कलमं, कुंपण, मागच्या वर्षी नेलेली शिडी, काही म्हणता काही ठेवले नाही. आवाज बसला तेव्हाच थांबले.

दिपाली बाहेर आली आणि व्हिडिओ पाहू लागली. तिचा चेहरा उजळला.

"दोन मिनिटं वीस सेकंद, मामाजी! पाय घट्ट, हात वर, श्वास एकदम शांत. अजून हालले नाही."

"म्हणजे जागा माही?" गुणवंतांनी घोगऱ्या आवाजात विचारले.

"तुमची कशी? तुळशीराम काकाची."

कोप शांत व्हायची वाट पाहत तुळशीराम अजून डोळे मिटून उभाच होता.