अस्सल मळाचा ठराव

एका रविवारी सकाळी वहिनींच्या घरातील कपडे धुण्याचे यंत्र कपडे धुण्याच्या कामातून मुक्त करण्यात आले. त्यात काही बिघाड झाला होता असे नाही. इतक्या वर्षांत त्यात एकदाही बिघाड झाला नाही, हाच त्याचा गुन्हा.

वहिनी शाळेत गणित शिकवत. त्यांच्या पहिल्या पगारवाढीला हे यंत्र घरात आले होते, आणि त्याला खेटून उभा असलेला, कपडे वाळवण्याचा ड्रायरही त्याच्याच वयाचा होता. यंत्र सुरू झाले की आधी घसा खाकरल्यासारखे करी, मग घरभर एक संथ घरघर पसरे, आणि वहिनी तेवढ्यात शाळेतल्या मुलींच्या वह्या तपासून घेत. यापलीकडे त्या नात्यात काव्य नव्हते. काव्य आणले ते यजमानांनी. हे गृहस्थ लेखापरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढलेल्या माणसाला घरी बसवले की तो काहीतरी जपायला घेतो. कोणी झाडे जपतो, कोणी प्रकृती. यजमान ‘जुनी धुलाईयंत्रे जतन व रसास्वाद मंडळा’चे सभासद झाले.

मंडळाचे काम गंभीर होते. सभासद एखाद्याच्या घरी जमत, यंत्रासमोर खुर्च्या मांडत आणि पाणी भरण्यापासून कपडे पिळण्यापर्यंतचा संपूर्ण फेरा मौनाने ऐकत. मध्ये बोलण्याची मुभा नव्हती. खोकला आलाच तर जिन्यात जाऊन खोकायचे. पाणी भरण्याला ‘आलाप’ म्हणणारा एक सभासद होता. त्याला खजिनदार करण्यात आले होते.

तपासणीला स्वतः अध्यक्ष आले. ते पेशाने दंतवैद्य. त्यांनी दांडीचा छोटा आरसा काढला, यंत्राचे गोल दार उघडले आणि सवयीने म्हणाले, “आ करा.”

मग बराच वेळ आत पाहून त्यांनी विचारले, “हे रबर मूळचं?”

“मूळचंच,” यजमान म्हणाले. त्या रबराला त्यांनी जन्मात हात लावला नव्हता.

“आणि हा ओरखडा?”

“आमच्या धाकट्याने लहानपणी तीनचाकी आपटली होती, त्याचा,” वहिनी दारातून म्हणाल्या.

“कालखंडाशी सुसंगत ओरखडा,” अध्यक्षांनी जाहीर केले, आणि चिटणिसांनी ते टिपून घेतले. यंत्राला व ड्रायरला ‘प्रथम श्रेणी, मूळ अवस्था’ असा दर्जा मिळाला. टाळ्या झाल्या. मग अध्यक्ष हात पुसत म्हणाले, “आता वहिनी, यात मळके कपडे घालायचे नाहीत.”

“मग काय घालायचं?”

“स्वच्छ. मळ हा यंत्राचा शत्रू आहे. दर रविवारी धुतलेले, इस्त्री केलेले पांढरे टॉवेल आम्ही घेऊन येऊ. ते धुवायचे, आणि ड्रायरमध्येही तेवढेच वाळवायचे.”

“धुतलेले टॉवेल धुऊन काय होणार?”

“अहो, प्रश्न टॉवेलचा नाहीच आहे!” अध्यक्ष कळवळून म्हणाले.

वहिनींचा प्रश्न मात्र टॉवेलचा नसला तरी चादरींचा होता. आतल्या खोलीत सासूबाई होत्या. कमरेचे हाड मोडल्यापासून त्या अंथरुणाला खिळल्या होत्या, आणि डॉक्टरांनी बजावले होते की पाठीखालची चादर रोज बदला, आणि ती कोरडी ठक्क असू द्या. नाहीतर पाठीला जखमा होतील. हवा दमट होती. दोरीवर टाकलेले कापड दोन-दोन दिवस ओले राही. कोपऱ्यावरच्या लाँड्रीवाल्याने आजारी माणसाच्या चादरी घ्यायला चक्क नकार दिला. नवीन मशीन घेऊ या, असे वहिनींनी सुचवले, तेव्हा यजमानांनी कपाळाला हात लावला.

“अगं, जुन्याच्या शेजारी नवीन ठेवलं की श्रेणी घसरते. परिसर म्हणून काही असतं की नाही?”

वहिनी शाळेतून येऊन चादरी हाताने धुऊ लागल्या. कपडे आपटण्याचा आवाज ऐकून सासूबाईंनी विचारले, “काय गं, मशीनला काय झालं?”

“त्याचा सत्कार झाला, आई.”

“अगं बाई! गेलं का?”

“गेलं नाही. मूळ अवस्थेत आहे.”

“मूळ अवस्थेत तर मीही आहे,” सासूबाई म्हणाल्या. “मला नाही कोणी आरसा घेऊन बघायला येत.”

एका दुपारी शाळा लवकर सुटली. यजमान मंडळाच्या कार्यकारिणीला गेले होते. वहिनींनी इकडेतिकडे पाहिले आणि दोन चादरी यंत्रात कोंबून कळ दाबली. आता योगायोग असा, की यंत्र समपातळीत उभे आहे की नाही हे पाहायला अध्यक्ष त्याच दुपारी यजमानांबरोबर पाणसळ घेऊन निघाले होते. जिन्यातच त्यांनी कठडा धरला.

“थांबा. ऐकताय? भार आहे. खरा भार.”

“मी तिला बजावलं होतं हो,” यजमानांचा चेहरा पडला.

“गप्प बसा! टॉवेलवर हा आवाज निघत नाही. यात दुःख आहे.”

फेरा संपेपर्यंत दोघे न्हाणीघराच्या उंबऱ्यात डोळे मिटून उभे होते. मग अध्यक्षांनी विचारले, “वहिनी, काय घातलं होतं?”

“आईंच्या चादरी.”

“मळलेल्या?”

“आजारी माणसाच्या असतात तशा.”

“अस्सल मळ!” अध्यक्ष पुटपुटले, आणि त्यांनी यजमानांना मिठी मारली.

तातडीची सभा झाली. मळाला विरोध करणारा जुना ठराव रद्द करून, यंत्राचे खरे तेज अस्सल मळाशी झुंजतानाच दिसते, असा नवा ठराव एकमताने संमत झाला. मात्र अस्सल मळाचा साठा मर्यादित होता. तो आडवारी धुऊन वाया घालवणे म्हणजे वारशाची उधळपट्टी. म्हणून आठवडाभराच्या चादरी न धुता सीलबंद पिशवीत जपून ठेवाव्यात व रविवारी सर्वांसमक्ष धुवाव्यात, असे ठरले. देखरेखीची जबाबदारी यजमानांवर आली. ते न्हाणीघराच्या दाराशी खुर्ची टाकून बसले.

“अहो, ती तुमची आई आहे!” वहिनी म्हणाल्या.

“म्हणून तर,” यजमान म्हणाले. “बाहेरच्या कोणाला हे सांगता आलं असतं का?”

घरात चादरी होत्या किती? आठवडा निम्मा सरला तोवर सगळ्या पिशवीत गेल्या. पुढे टेबलावरचे कापड झाले. शनिवारी सासूबाई दिवाणखान्याच्या पडद्यावर झोपल्या.

“पडदा खाली आलाय,” त्या हसून म्हणाल्या, “म्हणजे नाटक संपत आलं म्हणायचं.” पण वहिनींनी त्यांना कुशीवर वळवले तेव्हा पाठीवर एक लालसर चट्टा दिसला. वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी चट्ट्यावर मलम लावले आणि गणित मांडून पाहिले.

रविवारी मंडळ जमले. सभासद कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टांत खुर्च्यांवर बसले. यजमानांनी पिशवी आणली. वहिनी यंत्राला पाठ लावून उभ्या राहिल्या.

“एक शंका आहे,” त्या म्हणाल्या. “मळ जितका वेगवेगळा, तितका आवाज वेगळा. बरोबर?”

“शंभर टक्के,” अध्यक्ष म्हणाले.

“मग एकाच घरच्या मळावर किती दिवस काढणार? इथे इतकी घरं बसली आहेत. प्रत्येकाने आपापल्या घरचा मळका कपडा आणावा, आणि आपल्या हाताने यात घालावा. ज्याचा मळ नाही, त्याला ऐकायचा हक्क नाही.”

खजिनदारांचे डोळे चमकले. “जुगलबंदी!” ते म्हणाले. सूचना बिनविरोध संमत झाली, सभा तासाभरासाठी तहकूब झाली आणि जिन्यावर एकच झुंबड उडाली. नियम यजमानांनाही लागू होता. ते आपल्याच घरात आतल्या बाजूला धावले.

वहिनींनी पिशवीचे सील तोडले.

तासाचे दोन तास झाले. प्रथम अध्यक्षांचा फोन आला. “वहिनी, ही बाहेर गेली आहे. आमच्याकडे मळके कपडे कुठे असतात, काही कल्पना आहे का?”

“मला कशी असेल? घर तुमचं.”

“हो, पण मी शर्ट काढतो तिथपर्यंत मला ठाऊक आहे,” अध्यक्ष अगतिकपणे म्हणाले. “त्याच्या पुढचं काही सांगता येत नाही. दोन दिवसांनी तो कपाटात असतो.”

चिटणिसांनी गच्चीपर्यंत शोध घेतल्याचे कळवले. खजिनदार तेवढे परत आले, पण घडी न मोडलेला शर्ट घेऊन. आमच्या घरी मळके कपडे होतच नाहीत, असे त्यांचे प्रामाणिक निरीक्षण होते. त्यांना ‘मळ नाही’ या कारणाखाली दारातूनच परत पाठवण्यात आले. यजमान कपाट, माळा आणि दोन पेट्या पाहून झाल्यावर पलंगाखाली शिरले होते. विचारायचे तर पत्नीला, आणि निवृत्त लेखापरीक्षकाला ते शोभणारे नव्हते.

ड्रायर थांबला. वहिनींनी चादर बाहेर काढली, सासूबाईंना अलगद कुशीवर घेतले आणि ती पाठीखाली सरकवली.

“ऊन ऊन आहे गं,” सासूबाईंनी डोळे मिटले. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, “तो पलंगाखाली काय शोधतोय?”

“मळके कपडे.”

“सांगितलंस का, कुठे असतात ते?”

“नाही.”

“सांगू नकोस. शोधू दे.”

मंडळाची ती सभा अद्याप तहकूबच आहे. सभासद आपापल्या घरी शोध घेत आहेत आणि मंडळ त्यांची वाट पाहत आहे. इथवर हसत आलेल्या वाचकाने आता कृपया उठावे, आणि कोणालाही न विचारता आपल्या घरातील मळक्या कपड्यांची जागा शोधून दाखवावी. ज्यांना ती पटकन सापडली, त्यांनी इतकेच सांगावे, की ही कथा वाचायला त्यांना आज सवड कशी मिळाली.