टिपणीसजींची आमंत्रणं

चित्रांच्या प्रदर्शनाला अक्षता देऊन बोलावणारा माणूस तुम्ही पाहिलाय? मी पाहिलाय. दार उघडावं तर समोर टिपणीसजी, हातात कुंकू लावलेल्या तांदळाची वाटी. "वहिनी, परवा साडेपाचला. सहकुटुंब यायचं. कारणं बिल्कुल नकोत!"

दिल्लीत, सरोजिनी नगरात मुलाच्या सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही राहतो. मागेच एक कॉलेज आहे, त्याची छोटीशी आर्ट गॅलरी. चित्रं विद्यार्थ्यांची, पण वस्तीतल्या लोकांनीही येऊन बघावीत म्हणून गॅलरी उघडलेली. सरकारी नोकरीतून रिटायर झाल्यावर टिपणीसजी तिथे हौसेनं बसायचे. लग्न केलं नव्हतं. इथलं क्वार्टर सुटल्यापासून मुनीरकात एका खोलीत राहत.

पहिल्यांदा बोलावलं तेव्हा मी आपली पैठणी नेसून गेले. ह्यांनी तर आहेराचं पाकीट नेलं. चित्रं काढणारी पोरगी गोंधळली. "अंकल, ये किसलिए?"

"रख ले बेटी, आशीर्वाद है," टिपणीसजी मागून म्हणाले.

चित्रांत नुसते निळे पट्टे. मी हळूच म्हटलं, "मला काही कळलं नाही हो."

"लग्नात नवरामुलगा कळतो का तुम्हाला? बघता, जेवता, घरी जाता. तसंच हे. येणं महत्त्वाचं."

मी आपली पुढच्या निळ्या पट्ट्यांकडे वळले.

मग क्वार्टरं पाडायला घेतली. एकेक ब्लॉक रिकामा झाला. कुणी द्वारकेला गेलं, कुणी नोएडाला. आमचा ब्लॉक तेवढा उरलाय, तोही किती दिवस? गॅलरीत चिटपाखरू फिरकेना. प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या, "टिपणीसजी, एक बार और देखते हैं. लोग नहीं आए तो कमरा एग्ज़ामवालों को देना पड़ेगा."

टिपणीसजींनी डोकं लढवलं. पाडायच्या आधी रिकाम्या घरांच्या भिंतींचे फोटो मुलांकडून काढून घेतले. फोडणीचे डाग, कॅलेंडरमागचा पांढरा चौकोन, देव्हाऱ्यावरची काजळी. "आपल्याच भिंती बघायला तरी येतील ना लोक?" आणि वाटी घेऊन मेट्रोनं घरोघर हिंडले. नोएडाला एका बाईनं दाराची साखळी न काढताच अक्षता घेतल्या म्हणे. "मला वाटलं कुरिअर," म्हणाली.

प्रदर्शनाच्या दिवशी हवा इतकी घाण होती, की समोरची इमारत दिसेना. टिपणीसजी इस्त्रीचा कोट घालून गॅलरीच्या दारात उभे, हातात गुलाबदाणी. साडेपाच झाले, सहा झाले. आम्ही दोघं, आणि करोल बागेत राहून यूपीएससीची तयारी करणाऱ्या लातूरच्या दोन मुली. बस. मॅडम सारख्या घड्याळ बघत होत्या.

मला ते बघवेना, म्हणून मी फोटो बघत निघाले. एकात भिंतीच्या अगदी खाली, खडूनं काढलेली पाच पायांची गाय होती.

"हे कुणाच्या घरातलं हो?"

"माझ्या."

"तुमच्या?"

"माझ्याआधी एक कुटुंब होतं तिथे. त्यांच्या मुलीनं काढलेली. दर वेळी भिंती रंगवायला आलेल्या सफेदीवाल्याला सांगायचो, भैया, इतना छोड़ दो. बावीस वर्षं सोडायला लावलं. माझ्यानंतर ते घर कुणाला दिलंच नाही. ऑफिसातून आलो की चपला हळूच काढायचो, वहिनी. आत पोर झोपलंय असं वाटायचं."

मी पुन्हा त्या गाईकडे बघितलं.

"तिचा पत्ता काढला," ते म्हणाले. "गाझियाबादला शाळेत शिकवते आता. मी कोण, कुठला, तिला काय माहीत! पण अक्षता घेतल्या. येते म्हणाली."

तेवढ्यात मॅडम आल्या. त्यांनाही जड जात होतं. "अब बंद करें, टिपणीसजी? चाबी कल दे दीजिएगा."

"जी. दो मिनिट."

पाहुण्यांसाठी आणलेल्यातले दोन समोसे त्यांनी एका प्लेटमध्ये काढले, वर कागद झाकला, पुन्हा उचलून नीट झाकला.

"गार झाले," ते म्हणाले. "पोरीला चालतील की नाही, कुणास ठाऊक."